भाविक मतदारांकडे कसं जावं: कोल्हापुरातल्या प्रचारप्रमुखांसाठी

कोल्हापुरात प्रचाराचा नारळ बहुतेक वेळा अंबाबाईच्या नाहीतर जोतिबाच्या साक्षीनंच फुटतो, पक्ष कुठलाही असो. त्यामुळे राजकीय पक्षांनी धार्मिक मतदारांच्या मागे जावं का, हा प्रश्न इथं हवेत विचारून चालत नाही. शुक्रवारी देवीला जाणारी बाई, रविवारी जोतिबाच्या डोंगरावर जाणारा पैलवान, मोहरमात पंजाला ऊद घालणारं हिंदू घर, पर्युषणात उपास करणारा व्यापारी, जुम्म्याची नमाज न चुकवणारा गॅरेजवाला हे सगळे वगळले तर मतदार यादीत उरतं कोण? त्यांच्याकडे जायलाच हवं. पण जायचं ते त्यांच्या घरी, त्यांच्या अडचणी ऐकायला. देवळाच्या, मशिदीच्या, मठाच्या दारात उभं राहून मत मागायचं नाही. घरी गेलात तर माणसाचा मान राहतो आणि मतंही मिळतात. देवाच्या दारातून मागितलंत तर निवडून आलेली जागा कोर्टात जाऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे एका माणसाची श्रद्धा तुम्ही आपल्या कामाला जुंपलेली असते.

खाली दिलेली कलमं विधानसभा-लोकसभेची आहेत. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथली आचारसंहिता, खर्चाची मर्यादा आणि दाद मागायची मुदत वेगळी असते, ती त्या त्या वेळच्या आदेशातून पाहून घ्या. कामाची पद्धत मात्र दोन्हीकडे हीच ठेवा.

रेषा नेमकी कुठं आहे

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा या कारणावरून मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन करणं हा भ्रष्ट आचार आहे. धार्मिक चिन्हाचा वापर करून मत मागणंही त्यातच येतं. उमेदवार स्वतः बोलला, त्याचा प्रतिनिधी बोलला किंवा त्यांच्या संमतीनं तिसरा कुणी बोलला, तरी फळ एकच: निवड रद्द, आणि वर सहा वर्षांपर्यंत अपात्रता.

या कलमात ‘त्याच्या धर्माच्या कारणावरून’ असे शब्द आहेत. त्यातला ‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या, यावर बरीच वर्षं वाद चालला. अभिराम सिंह खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की त्यात उमेदवार आणि प्रतिस्पर्धी तर येतातच, मतदारही येतो. म्हणजे ‘आमचा उमेदवार तुमच्या धर्माचा नसेना का, तुमच्या धर्मासाठी त्याला मत द्या’ ही पळवाटही बंद झाली. अनेक कार्यकर्ते अजून जुन्याच समजुतीवर भाषणं करतात.

महाराष्ट्रातली दोन जुनी प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत हिंदू म्हणून मत मागणारी भाषणं झाली, म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर १९९५ रोजी ते कायम केलं. त्याच भाषणांपायी पुढं बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. त्याच ११ डिसेंबरला मनोहर जोशी यांच्या खटल्यात मात्र, महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल हे वाक्य म्हणजे आशा आहे, धर्माच्या नावावर मताची मागणी नाही, असं न्यायालयानं धरलं. दोन्हींत फरक एकच: मत मागण्याचं कारण म्हणून धर्म पुढं केला होता की नव्हता. जोशींचा निकाल दाखवून कुणी म्हणेल की एवढं बोललेलं चालतं. २०१७ नंतर त्या भरवशावर भाषण लिहू नका.

भाषणाचं प्रत्येक वाक्य असं तपासा. वाक्यातून धर्माचं, देवाचं, समाजाचं नाव काढा आणि मत द्यायचं कारण शिल्लक राहतं का पाहा. ‘चैत्र यात्रेत डोंगरावर पिण्याच्या पाण्याचे नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृहं वाढवू’ यातून जोतिबाचं नाव काढलं तरी काम उरतं. ‘मी जोतिबाचा भक्त, मला मत द्या’ यातून काढलं तर काहीच उरत नाही. ‘आपल्या समाजाचा माणूस’ हे वाक्य तर कॉर्नर सभेत सर्रास ऐकू येतं. तेही याच कलमाखाली येतं, जात आणि समाज त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत.

यादीवर धर्म लिहू नका, वहीत काम लिहा

प्रचाराची तयारी म्हटली की पहिलं काम होतं आडनावांवरून यादी फोडण्याचं. या जिल्ह्यात ते मुळातच फसतं. पाटील शिरोळ-हातकणंगल्यात जैन असेल, गडहिंग्लजात लिंगायत, करवीरात मराठा. चौगुले आणि देसाई यांचंही तसंच. अशी धर्मावर खुणा केलेली यादी कधीतरी कुणाच्या तरी मोबाईलमधून बाहेर पडते, आणि मग ज्यांच्यापुढं खूण होती ते दुखावतात आणि ज्यांच्यापुढं नव्हती तेही.

त्याऐवजी बूथवार वही करा. एका बूथवर साधारण हजारभर मतदार धरले तर घरं अडीचशे ते तीनशे. दोघांची जोडी करा, त्यातली एक बाई हवीच. ही जोडी एका संध्याकाळी नीट बसून बोलली तर वीस घरं होतात, म्हणजे एका बूथला दोन आठवडे लागतात. हे काम आचारसंहिता लागायच्या आधी, निदान सहा आठवडे शिल्लक असताना सुरू करायला हवं. पुढं शेवटच्या पंधरवड्यात फक्त स्लिपा वाटायला वेळ उरतो.

वेळेचं भान ठेवा. सूर्यास्तानंतर लगेच मगरिबची नमाज असते, तेव्हा मुस्लिम वस्तीत दार वाजवू नका. रमजानमध्ये तर रोजा सोडायच्या आसपासचा तास पूर्ण सोडा. अनेक जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवण उरकतात, तिथं साडेसातला गेलात तर लोक मोकळे सापडतात, सहाला गेलात तर ताटावरून उठवाल. गणपतीत आरतीच्या वेळी पोहोचलात तर आरतीला उभे राहा, प्रसाद घ्या आणि त्या घरी त्या दिवशी मताचा विषय काढू नका. उपासाच्या दिवशी चहाचा आग्रह झाला की ‘तुम्ही घेणार का’ असं आधी विचारावं. चप्पल दाराबाहेर काढावी, हे सांगायला नको, पण दहा जणांच्या घोळक्यात नेमकं तेच विसरलं जातं.

विचारायचं एवढंच: सणाला, यात्रेला, मयताला तुमच्या घराला काय अडचण येते? ऐकताना लक्षात येईल की उत्तरं धर्माची कमी आणि नळाची, दिव्याची, रस्त्याची जास्त असतात. महाद्वार रोडच्या बाजूला राहणारा माणूस किरणोत्सवाचं सांगेल. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, आणि वाटेतल्या बांधकामांचा, फलकांचा त्यांना अडथळा होतो. पंचगंगा घाटावर रोज जाणारी बाई पाण्याच्या वासाचं बोलेल. जयंती आणि दुधाळी नाल्याचं सांडपाणी नदीत जातं, पुढं इचलकरंजीचं मिसळतं आणि ते सगळं नृसिंहवाडीच्या संगमावर दत्ताच्या पायऱ्यांशी येतं. जैन घरातून मुनींच्या विहाराचा विषय येतो, पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेनं चालणाऱ्यांच्या जिवाची काळजी असते. मोहरमात पंजांच्या भेटी निघतात त्या गल्ल्यांत लोंबणाऱ्या वायरी, कब्रस्तानाची भिंत, लिंगायत दफनभूमीकडे जाणारी वाट, गणपती इराणी खणीत विसर्जनाला नेताना क्रेनपाशी होणारी गर्दी. यातल्या एकाही कामासाठी तुम्हाला कुणाचा धर्म पुढं करावा लागत नाही.

प्रत्येक कामापुढं ते कुणाच्या अखत्यारीत आहे हे त्याच रात्री लिहा. अंबाबाई आणि जोतिबासह तीन हजारांवर देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, ती सरकारनं नेमलेली समिती आहे. वायरी महावितरणच्या, नाला महापालिकेचा, नदीचं प्रदूषण हा प्रदूषण नियंत्रण मंडळाचाही विषय. नगरसेवकपदाच्या उमेदवारानं महामार्गाचं वचन देऊ नये. ते खोटं आहे हे भाविकालाही कळतं आणि बाकीच्या नऊ खऱ्या कामांवरचा विश्वासही उडतो.

समाजाकडे कसं जावं याचा धडा या शहरात दसरा चौकातच उभा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली किंवा उभारायला मदत केली. प्रत्येक समाजाला त्यांनी त्याच्या नावानं हाक मारली, पण हातात दिली ती शाळेची वाट. आजच्या पक्षांनी समाजांचे मेळावे घेताना तिथं काय देतो आहोत ते याच्याशी ताडून पाहावं.

गठ्ठा मतांचा हिशोब

जोडण्या लावताना कुणीतरी येतोच: ‘अमक्या मठाची तीन हजार मतं आपल्या हातात आहेत.’ पैसे किंवा शब्द देण्याआधी मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० काढा. त्यात प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. त्या मठाच्या आसपासचे चार-पाच बूथ पाहा. गठ्ठा खरा असता तर तिथली मतं एका बाजूला कललेली दिसली असती. बहुतेक वेळा ती तीन-चार उमेदवारांत विखुरलेली दिसतात, कारण त्याच देवाला जाणारे लोक भावकी, साखर कारखाना, दूध संस्था, पाणीपुरवठा अशा दहा गोष्टींनी बांधलेले असतात. स्वामी, मुतवल्ली (दर्गा-मशिदीचा कारभारी), गुरव, ट्रस्टी यांना लोक मान देतात. मत स्वतःचं ठेवतात.

देवळात, दर्ग्यात, मठात जाताना

दर्शनाला जायला कुठलाही कायदा अडवत नाही. धर्मस्थळ प्रचाराचं व्यासपीठ करायला आचारसंहिता अडवते. म्हणून आत जाताना उमेदवाराच्या गळ्यात पक्षाचं उपरणं नको, खिशाला चिन्हाचा बिल्ला नको, सोबत झेंडा नको, पत्रकं नकोत. बरोबर चार-पाच माणसं पुरेत. घोषणा द्यायची सवय असलेल्या पोरांना बाहेर चहाच्या टपरीवर थांबवा. रांगेतून जा. व्हीआयपी वाटेनं गेलात की रांगेत दोन तास उभी असलेली शंभर माणसं तुम्हाला ओळखतात आणि विसरत नाहीत.

फोटो हा सगळ्यात मोठा घोटाळा. गाभाऱ्यासमोर हात जोडलेला फोटो आणि खाली चिन्ह, ‘विजयी करा’ हे शब्द, असं एकत्र आलं की धार्मिक चिन्हाचा वापर म्हणून तेच चित्र पुरावा बनतं. दर्शनाचा फोटो टाकायचाच तर चिन्हाशिवाय, आवाहनाशिवाय, तारखेसह टाका. मूर्तीचा, पंजाचा, दर्ग्याच्या घुमटाचा फोटो पत्रकावर अजिबात नको. दानपेटीत घरचा माणूस टाकेल तेवढंच टाका, आणि टाकताना व्हिडिओ काढू देऊ नका.

बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे आणि कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो. ही या जिल्ह्याची कमाई आहे. तिथं जाऊन ‘पाहा, मी दोघांचा’ असं सांगत फिरणंही प्रचारच होतो. दोन्ही समाजाचे लोक हे सण प्रचाराशिवाय साजरे करत आलेत, त्यांना तसंच करू द्या.

प्रचार कार्यालयाची जागा निवडताना बहुतेक चुका होतात त्या तालमीत. भारत निवडणूक आयोगाच्या नियमानुसार धर्मस्थळात किंवा त्याच्या आवारात कार्यालय चालत नाही, मतदान केंद्रापासून २०० मीटरच्या आत चालत नाही, शाळा-दवाखान्याला लागून चालत नाही. तालीम म्हणजे देऊळ नव्हे, पण बहुतेक तालमींत मारुती असतो आणि काहींत पंजे बसतात. त्याच खोलीत टेबल मांडून स्लिपा लिहिल्या की तक्रार आली समजा. गल्लीत भाड्याचा गाळा घ्या आणि भाडेकरार खर्चाच्या फाईलला लावा.

बेल-भंडारा

यावर जरा थांबायला हवं, कारण गावागावांत हे चालतं आणि त्यात गैर काही आहे असं अनेकांना वाटतच नाही. मतदानाच्या आदल्या एक-दोन रात्री वस्तीतल्या लोकांना देवळात किंवा कुणाच्या तरी सोप्यात बोलावतात. समोर देव, ताटात बेल आणि भंडारा. एकेकानं तो उचलायचा आणि मत अमक्यालाच देईन असं म्हणायचं. मोडलं तर देव बघून घेईल.

कायद्यात यासाठी थेट वाक्य आहे. मतदाराला तो देवाच्या कोपाला किंवा धार्मिक निषेधाला पात्र होईल असं वाटायला लावणं हा गैरवाजवी प्रभाव आहे, कलम १२३(२) खाली आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खालीही. संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. आणि अशा गुन्ह्यात शिक्षा म्हणून नुसता दंड झाला तरी दोषी ठरल्यापासून सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी हे अघोरी आहे. ज्या माणसाची देवावर खरी श्रद्धा आहे तोच यात अडकतो. ज्याची नाही तो दोन्हीकडचा भंडारा उचलून दोन्हीकडचं पाकीट घेतो. म्हणजे तुम्ही छळता ते नेमकं प्रामाणिक भाविकाला. रात्रभर झोप न लागलेल्या म्हाताऱ्या बायका सकाळी केंद्रावर येतात त्या या ताटामुळे. आणि हिशोबानंही ते निरुपयोगी आहे, कारण समोरचाही दुसऱ्या रात्री तेच ताट फिरवतो.

आपल्या बाजूच्या कुणी हे ठरवल्याचं कळलं तर फोनवर समजूत काढत बसू नका. स्वतः जा, बैठक उठवा, आणि लोकांसमोर मोठ्यानं सांगा की उमेदवाराला ही शपथ मान्य नाही, कुणीही बांधील नाही. आधीच शपथ घातलेला मतदार भेटला तर त्याच्या श्रद्धेला हसू नका. त्याला यंत्राची माहिती द्या: बटण दाबल्यावर चिठ्ठी सात सेकंद फक्त त्यालाच दिसते आणि पेटीत पडते, कुणाचं मत कुणाला हे बाहेर कळत नाही. बूथचा एकूण आकडा कळतो, माणसाचं मत नाही. बाकी तो आणि त्याचा देव.

‘देवानं कौल दिलाय’ अशी पत्रकं किंवा मेसेजही याच जातीतले. कौल घरात घ्या, छापू नका.

पैसा, पंगत, बस

निवडणूक जवळ आली की देवदर्शनाच्या बसेस सुटतात, हळदी-कुंकवाला साड्या निघतात, मंडळाच्या महाप्रसादाचा खर्च ‘कुणीतरी’ उचलतो. इथं एक गैरसमज आहे: ‘खर्चात धरला की झालं.’ तसं नाही. मतदाराला मतासाठी दिलेली वस्तू, सहल किंवा जेवण ही लाच आहे, आणि हिशोबाच्या वहीत लिहिल्यानं लाच कायदेशीर होत नाही. उलट वहीत लिहिलेलं तुमच्याच सहीचं कबुलीपत्र ठरतं. न लिहिलेलं व्हिडिओ पथकानं टिपलं तर आयोगाचे खर्च निरीक्षक ते जिल्ह्याच्या दरपत्रकानं तुमच्या खात्यात जमा करतात आणि नोटीस काढतात.

मंडळाची वर्गणी मागायला येणाऱ्यांना निवडणूक जाहीर झाल्यापासून एकच उत्तर द्या: निकालानंतर. कुणाला दिली आणि कुणाला नाही, याचा राग आपोआप मिटतो. आधीच्या वर्षांत घरटी दिलेली वर्गणी तेवढीच आणि तशीच घरच्या नावानं सुरू असेल तर ती गोष्ट वेगळी, पण रक्कम अचानक दहापट झाली की तिला वर्गणी कुणी म्हणणार नाही.

कायदेशीर खर्चाचं थोडक्यात: विधानसभेची मर्यादा ४० लाख, लोकसभेची ९५ लाख. अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडा. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा संस्थेला रोखीनं १०,००० रुपयांपेक्षा जास्त देऊ नका. रोजची वही रोज लिहा, प्रचारकाळात ती तीनदा तपासायला न्यावी लागते.

कागद, गाणी आणि फोन

छापील पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता कलम १२७-क प्रमाणे हवाच. छापखान्याला दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत द्यावं लागतं. समाजाच्या नावानं निघणारी निनावी पत्रकं मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत पडतात ती हेच टाळून. तुमच्या गाडीत तसा गठ्ठा सापडला तर ‘आम्ही छापला नाही’ याला कुणी विचारत नाही. म्हणून गाड्या दर संध्याकाळी स्वतः उघडून पाहा.

गाणं, रील किंवा केबलवरची जाहिरात माध्यम प्रमाणन समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. पक्षाला आणि उमेदवाराला किमान तीन दिवस आधी अर्ज करावा लागतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका पक्षाच्या प्रचारगीतातल्या ‘जय भवानी’ आणि ‘हिंदू’ या शब्दांवर आयोगानं हरकत घेतली होती. म्हणून गाणं रेकॉर्ड करायच्या आधी शब्द वकिलाला दाखवा. एकदा हलगीवर चाल बसली आणि पोरांच्या तोंडात गेली की शब्द बदलता येत नाहीत. ‘चांगभलं’ हा इथल्या तोंडातला शब्द आहे, डोंगर चढताना तो येणारच. पण जोतिबाच्या जागी उमेदवाराचं नाव घालून ‘अमक्याच्या नावानं’ करू नका. गुरव-पुजाऱ्यांनाही ते खटकतं.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत संगीताच्या किंवा करमणुकीच्या कार्यक्रमातून प्रचार करायला कलम १२६ नं बंदी आहे. जागरण-गोंधळ, भजन, कीर्तन घरचं असेल तर होऊ द्या, पण उमेदवार तिथं दिसू नये आणि कीर्तनकाराच्या तोंडी त्याचं नाव येऊ नये.

व्हॉट्सॲपसाठी दोन माणसं नेमा, पाहिल्याशिवाय ग्रुपवर काही जायचं नाही असा नियम ठेवा. जून २०२३ मध्ये काही स्टेटसवरून या शहरात दंगल उसळली, दुकानं फुटली, इंटरनेट बंद करावं लागलं. ज्यांची दुकानं फुटली त्यांना निवडणुकीशी काही देणंघेणं नव्हतं. कुठल्याही समाजाला डिवचणारा मजकूर आपल्या ग्रुपवर आला तर तो काढून टाका, टाकणाऱ्याला ग्रुपबाहेर करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. धर्मावरून वैर पसरवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १९६ वेगळं लागतं.

कुणी परस्पर पाठिंबा जाहीर केला तर

मशिदीतून, मठातून किंवा ट्रस्टच्या लेटरहेडवर तुमच्या उमेदवाराला पाठिंबा आला, तर कार्यकर्ते खूष होतात आणि तो फॉरवर्ड करतात. तिथंच संमती सिद्ध होते. पाठिंबा कळला त्याच दिवशी तीन गोष्टी करा: उमेदवाराच्या सहीनं नम्र नकाराचं पत्र त्या संस्थेला द्या, त्याची प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या, आणि तोच मजकूर उमेदवाराच्या खात्यावरून जाहीर करा. शब्द साधे ठेवा: ‘आपल्याबद्दल आदर आहे, पण धार्मिक संस्थेच्या नावानं पाठिंबा आम्ही स्वीकारत नाही.’

विश्वस्तांना हेही समजावून सांगा की धोका त्यांनाच जास्त आहे. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, १९८८ नुसार संस्थेची जागा, निधी किंवा तिच्या नावानं भरलेली यात्रा-मिरवणूक राजकीय कामासाठी वापरू दिली तर व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अनेक विश्वस्तांना हा कायदा माहीतच नसतो. त्यातल्या एखाद्या भल्या माणसाला तुमच्या चार मतांसाठी कोर्टात उभं करू नका.

समोरच्यानं धर्मावर मत मागितलं तर

उत्तर म्हणून आपला देव बाहेर काढायचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर तक्रार करायचा नैतिक आणि कायदेशीर दोन्ही पाया जातो. आचारसंहिताभंगाच्या तक्रारीसाठी असलेल्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरूनच फोटो किंवा व्हिडिओ टाका, १०० मिनिटांत दखल घ्यायची असा आयोगाचा दंडक आहे. भाषणाचं रेकॉर्डिंग तुकड्यात नको, आधीची-नंतरची दोन मिनिटंही हवीत. कुठं, किती तारखेला, किती वाजता, कोण बोललं, समोर अंदाजे किती लोक, हे त्याच रात्री लिहून दोन हजर माणसांच्या सह्या घ्या. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते, आणि भ्रष्ट आचाराचा आरोप असेल तर फॉर्म २५ मधलं शपथपत्र जोडावं लागतं. नाव, तारीख, जागा नसलेली याचिका सुरुवातीलाच पडते. स्वतः जिंकला असाल तरी आपल्या सगळ्या सभांची रेकॉर्डिंग ४५ दिवस पुसू नका.

निकालानंतर

गुलाल जोतिबाचाही आणि विजयाचाही, त्यामुळे मिरवणूक आवरत नाही. मार्ग पोलिसांना आधी लेखी द्या, नमाजेच्या आणि आरतीच्या वेळी धर्मस्थळासमोरून वाद्य वाजवत जाणार नाही असं त्यात लिहा, आणि हरलेल्या उमेदवाराच्या गल्लीत वळू नका. खर्चाचा हिशोब ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या.

मग बूथवार वही पुन्हा उघडा. जिंकलात तरी आणि हरलात तरी, कामांची यादी तीच असते. प्रत्येक कामापुढं अर्जाची तारीख आणि पोच क्रमांक लिहा, आणि ज्या घरातून काम कळलं त्या घरी त्याची झेरॉक्स नेऊन द्या. वायरींचा अर्ज मोहरमच्या दोन महिने आधी जायला हवा. किरणोत्सवाचं काम नोंदलेलं असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात महापालिकेत जाऊन मार्गाची पाहणी मागा, कारण ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिथला एक फलकसुद्धा हलवता येत नाही.